इल्या मेचनिकॉव्ह
इल्या मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यात झाला. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या दिसल्या. अशाच पेशी रोगजंतूंना गिळून आपले रक्षण करतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. रक्तद्रवच जंतूंचा नाश करतो, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. तरीही ते डगमगले नाहीत. लहान भक्षक पेशी मुख्यत्वे जंतू, तर मोठ्या भक्षक पेशी मृत पेशीही गिळतात, हा भेद त्यांनी दाखवला. १९०८ मध्ये प्रतिपक्षाचे पाउल एर्लिश यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. एकाच प्रकारच्या पेशींचीही जंतू मारण्याची क्षमता कमी-अधिक असते, हे पुढील संशोधनाने सिद्ध केले.