डांबराचा डाग काढणारे गज्जर

त्रिभुवनदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेत झाला. रसायनशास्त्र शिकून त्यांनी बडोद्यात सयाजीरावांच्या पाठबळाने १८९० मध्ये कलाभवन उभारले. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. इतरांना न निघालेला तो डाग गज्जरांनी काढला. प्लेगच्या साथीत त्यांनी आयोडीनचे औषधही बनवले. १९२० मध्ये ते वारले.

तेव्हा डाग काढायला रसायनतज्ज्ञ लागला. आता रंग काढायचे रसायन डब्यात मिळते. काहींत मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ श्वासातून गेली की शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत जीवही जातो. परभणीकडच्या जुन्या वाड्यांची दारे रंगवण्यापूर्वी ती उतरवून अंगणात आणावीत.