डेव्हिड बार्कर

डेव्हिड जेम्स पर्सलोव्ह बार्कर (२९ जून, १९३८ - २७ ऑगस्ट, २०१३) हे ब्रिटिश वैद्य व साथरोगशास्त्रज्ञ होते. जन्माच्या वेळी कमी वजन असलेल्या व्यक्तींना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका अधिक असतो, या त्यांच्या सिद्धान्तामुळे ते जगभर ओळखले जातात. हा सिद्धान्त 'बार्कर गृहीतक' या नावाने प्रसिद्ध आहे.

जीवन

बार्कर यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांनी लंडनच्या गाय्ज रुग्णालयात वैद्यकाचे व पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात संशोधनाचे शिक्षण घेतले. १९६९ साली ते युगांडात गेले. तेथे त्यांनी 'बुरुली व्रण' या त्वचारोगाचा अभ्यास केला व त्याचा दलदलीच्या प्रदेशाशी असलेला संबंध तपासला. १९७२ साली ते साउदॅम्प्टन विद्यापीठात रुजू झाले. १९८४ ते २००३ या काळात ते तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या साथरोगशास्त्र विभागाचे संचालक होते.

संशोधन

हृदयविकार हा सुबत्तेचा आजार मानला जात असे. परंतु इंग्लंड व वेल्समध्ये त्याने होणारे मृत्यू गरीब भागांतच अधिक होते. १९८६ साली बार्कर व क्लाइव्ह ऑस्मंड यांनी दाखवून दिले की, ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात बालमृत्यू अधिक होते, त्याच भागांत सुमारे पन्नास वर्षांनी हृदयविकाराचे मृत्यूही अधिक होते.

पुढील पुरावा हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या नोंदवह्यांतून मिळाला. एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली १९११ पासून तेथे प्रत्येक अर्भकाचे जन्मवजन व एका वर्षाचे झाल्यावरचे वजन नोंदवले जात असे. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा मागोवा घेऊन बार्कर यांनी १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वाढदिवशी १८ पौंड किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २७ पौंड किंवा अधिक वजन असलेल्यांच्या सुमारे अडीच पट होते.

बार्कर यांच्या मते, पोषण अपुरे पडल्यास गर्भ मेंदूची वाढ राखतो आणि इतर अवयवांच्या वाढीत काटकसर करतो. मूत्रपिंडातील गाळणीच्या सूक्ष्म घटकांची संख्या जन्मापूर्वीच ठरते. ती कमी राहिल्यास पुढे रक्तदाब वाढू शकतो. १९९२ साली निक हेल्स यांच्यासह त्यांनी हाच विचार मधुमेहालाही लावला. हेलसिंकी येथील अभ्यासात, जन्मतः लहान व दोन वर्षांपर्यंत कृश राहून नंतर झपाट्याने वजन वाढलेल्या मुलांना पुढे अधिक धोका असल्याचे आढळले.

भारताशी संबंध

बार्कर यांच्या गटाने भारतीय संशोधकांसह काम केले. म्हैसूर येथे १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या व्यक्तींच्या अभ्यासातही कमी जन्मवजन व हृदयविकार यांचा संबंध दिसून आला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांच्यासह पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याची बाळे हडकुळी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. या विषयावरील पहिली जागतिक परिषद २००१ साली मुंबईत भरली.

टीका

गरिबी, धूम्रपान यांसारख्या घटकांचा परिणाम जन्मवजनापासून वेगळा काढणे कठीण आहे, असा आक्षेप अनेक साथरोगशास्त्रज्ञांनी घेतला. मोठ्या अभ्यासांमध्ये जन्मवजन व रक्तदाब यांचा संबंध क्षीण आढळला. आनुवंशिकतेचा काही वाटा असल्याचेही पुढे दिसून आले. तसेच कमी जन्मवजनामुळे एखाद्या व्यक्तीला हृदयविकार होणारच असे ठरत नाही. हा संबंध लोकसमूहातील जोखमीचा आहे.

सन्मान व वारसा

१९९८ साली बार्कर यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. हृदयविकार टाळण्याची सुरुवात मुली व तरुण स्त्रियांच्या पोषणापासून व्हावी, असे प्रतिपादन त्यांनी अखेरपर्यंत केले. आरोग्य व रोग यांच्या विकासात्मक उगमाचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा त्यांच्या कार्यातून विकसित झाली.