ड्यूक एलिंग्टन आणि त्यांचे वादक

अमेरिकेंतील पुष्कळ हायस्कुलांतून जाझ वाजविणारा विद्यार्थ्यांचा बँड असतो. सॅक्सोफोन पांच, ट्रंपेट चार, ट्रॉम्बोन चार, आणि ताल संभाळण्यास पियानो, गिटार, बास व ड्रम, असा सतरा जणांचा पुरा मेळ कागदावर शोभून दिसतो. पण शाळेंत तो मिळावा कोठून? एके वर्षीं ट्रॉम्बोन वाजविणारे तिघेहि परीक्षा देऊन एकदम निघून जातात, तर दुसऱ्या वर्षीं जो तो क्लॅरिओनेट घेऊन पुढें येतो. अशा स्थितींत कोणती अरेंजमेंट, म्हणजे कोणत्या वाद्याच्या वांट्यास कोणते सूर हें लिहून ठेवलेली मांडणी, निवडावी, हा शिक्षकापुढें दरसाल उभा राहणारा प्रश्न होय. नामांकित बँडाची ध्वनिमुद्रिका ऐकून मोहानें तीच चीज घेतली, तर दोन हुशार मुलें वाजवितात आणि बाकीचीं वाद्य तोंडाशीं धरून बसतात. आमच्या इकडील मिशनच्या शाळांतूनहि बँड आहेत. ज्यांनीं त्यांत एखादें वर्ष काढलें असेल त्यांस हें दुःख निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

ज्या पुरुषानें हाच प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षें आपल्या बँडापुरता रोज सोडविला, त्याचें चरित्र वाचकांस थोडक्यांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन याचा जन्म ता. 29 एप्रिल 1899 रोजीं वॉशिंग्टन शहरांत एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. वडील जेम्स हे बटलरचें काम करीत. आई डेझी पियानो वाजवी, आणि मुलावर तिचा जीव होता. सातव्या वर्षाच्या सुमारास क्लिंकस्केल्स नांवाच्या बाईंकडे त्याची पियानोची शिकवणी सुरू झाली. पण मुलाचें लक्ष बेसबॉलकडे! त्याचें नीटनेटकें राहणें व अदबशीर बोलणें पाहून एका सोबत्यानें त्याला ‘ड्यूक’, म्हणजे सरदार, हें नांव ठेविलें, आणि तें जन्मभर टिकलें.

पुढें सोडावॉटरच्या दुकानांत नोकरी करीत असतां त्यानें आपली पहिली चीज रचिली. गंमत अशी कीं, ती कागदावर उतरविण्यापुरतेंहि स्वरलेखन त्यास येत नव्हतें. सारी भिस्त कानावर. हेन्री ग्रँट नांवाच्या शिक्षकांपाशीं तो पुढें स्वरसंगतीचे नियम शिकला. चित्रकलेंतहि त्याचा हात चांगला होता. ब्रुकलिन येथील प्रॅट इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ति चालून आली असतां ती त्यानें नाकारली, आणि 1917 सालीं शाळाहि अर्धवट सोडली. ह्या शेवटच्या गोष्टीचें अनुकरण आमच्या विद्यार्थ्यांनीं करूं नये, हें सांगणें आम्हांस भाग आहे. पाट्या रंगविण्याचा धंदा त्यानें काढला होता. नाचाच्या जलशाची पाटी रंगवून घेण्यास कोणी आला कीं, जलशाला वादक ठरविले आहेत काय, असें तो विचारी. नसले तर स्वतःच वाजवावयास जाई.

1923 सालीं एलिंग्टन न्यूयॉर्कला गेले. थोड्याच काळांत एका लहानशा बँडाची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. त्या काळीं प्रकाशक लोक ‘स्टॉक’ अरेंजमेंट विकीत असत. कोणत्याहि गांवच्या, कोणत्याहि आकाराच्या बँडाला ती चालावी अशी तिची घडण असे. एखादा ट्रंपेटवाला आजारी पडला तरी गाडी अडूं नये. ही सोय लहान नव्हे, आणि शाळेच्या शिक्षकानें तिला नाकें मुरडूं नयेत. परंतु सर्वांसाठीं शिवलेला अंगरखा कोणाच्याच अंगाला बरोबर बसत नाहीं.

एलिंग्टन यांचा मार्ग याच्या अगदीं उलट होता. त्यांच्या बँडांत बबर मायली नांवाचा एक ट्रंपेटवादक होता. तो ट्रंपेटच्या तोंडावर, तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठीं वापरतात तो रबरी पेला धरून उघडझाप करी, आणि गळ्यांतून गुरगुरत वाजवी. वाद्य जणूं माणसासारखें कण्हे, रडे, थट्टा करी. दुसऱ्या कोणी त्यास सभ्यपणें वाजविण्यास सांगितलें असतें. एलिंग्टन यांनीं त्या गुरगुरण्याभोंवतीं साऱ्या बँडाचे सूर रचले. ट्रॉम्बोनवर ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन यानें तीच विद्या आत्मसात् केली. पोर्टो रिको बेटाचा हुआन टिझोल कळा दाबून वाजविण्याचा ट्रॉम्बोन घेऊन आला. त्यांतून नेहमींच्या सरकत्या ट्रॉम्बोनसारखी मींड निघत नसे, पण वेगाच्या ताना स्वच्छ निघत. म्हणून तशाच ताना त्याच्या वांट्यास येऊं लागल्या. 1927 सालीं हॅरी कार्नी हा अवघा सतरा वर्षांचा मुलगा बँडांत आला. आमच्या शाळांतील मॅट्रिकच्या वर्गांत शोभेल असें तें वय! त्याच्या बॅरिटोन सॅक्सोफोनच्या भरदार खर्जावर पुढें साऱ्या मेळाचा पाया बसला.

त्याच वर्षींच्या डिसेंबरांत हार्लेममधील ‘कॉटन क्लब’ या नृत्यगृहांत बँडास जागा मिळाली, आणि रेडिओमुळें एलिंग्टन यांचें नांव देशभर झालें. त्या क्लबांत वाजविणारे सारे काळे, आणि आंत बसून ऐकण्याची परवानगी मात्र गोऱ्यांसच, ही लाजिरवाणी गोष्ट चरित्रलेखकानें झांकून ठेवूं नये.

1930 सालच्या ‘मूड इंडिगो’ या चीजेकडे शाळेच्या शिक्षकांनीं विशेष लक्ष द्यावें. तिच्या आरंभीं तीनच वाद्यें मिळून सुरावट वाजवितात. नेहमींची चाल अशी कीं, क्लॅरिओनेट वर, ट्रंपेट मध्यें आणि ट्रॉम्बोन खालीं. एलिंग्टन यांनीं ती फिरविली. आवाज दाबलेला ट्रंपेट वर ठेविला, त्याच्या लगत ट्रॉम्बोन उंच सुरांत चढविला, आणि क्लॅरिओनेट एकदम तळाशीं, त्याच्या गंभीर खर्जांत नेऊन बसविलें. तीन मुलांनीं मन लावून सूर जुळविले तर ही गोष्ट साधते. मात्र त्यांतला एक गैरहजर राहिला तर कांहींच उरत नाहीं. स्टॉक अरेंजमेंटमध्यें आणि हिच्यांत हाच भेद आहे, आणि निवड करतांना तो आधीं पाहावा लागतो.

1940 सालचा बँड त्यांच्या सर्व बँडांत श्रेष्ठ, असें जाणते लोक मानतात. आमचेंहि मत तेंच आहे. त्यांत एलिंग्टन धरून पंधरा माणसें होतीं. कूटी विल्यम्स या ट्रंपेटवादकासाठीं त्यांनीं त्या वर्षीं ‘कन्चेर्तो फॉर कूटी’ रचिली. त्याला जितक्या तऱ्हांनीं ट्रंपेट बोलवितां येई, तितक्या सर्व तऱ्हा तिच्यांत आहेत. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कूटी बेनी गुडमन यांच्या बँडांत निघून गेला! त्याच्या जागीं आलेला रे नान्स हा ट्रंपेट तर वाजवीच, पण व्हायोलिनहि वाजवी आणि गाई. एलिंग्टन यांनीं त्याला दुसरा कूटी करण्याचा हट्ट धरला नाहीं. बँडाच्या संगीतांत व्हायोलिनला जागा करून दिली. शिक्षकांनीं या जागीं क्षणभर थांबावें. आपल्या शाळेंत कूटी नसेल तर कूटीची चीज पेटींतच राहूं द्यावी. पण कोपऱ्यांत व्हायोलिन घेऊन बसलेला मुलगा असेल तर त्याच्याकडे पाहावें.

1942 सालची ‘सी जॅम ब्लूज’ याहून सोपी. तिच्या मूळ सुरावटींत दोनच स्वर आहेत. आपल्या भाषेंत पंचम आणि वरचा षड्ज. नवशिक्या मुलालाहि ते एका दुपारांत येतात, आणि मग एकामागून एक प्रत्येकानें आपल्या मनचें वाजवावें अशी मोकळी जागा पुढें ठेविलेली असते.

1939 सालीं बिली स्ट्रेहॉर्न हे तरुण रचनाकार एलिंग्टन यांस येऊन मिळाले. 1941 पासून बँडाची ओळखीची धून झालेली ‘टेक द ए ट्रेन’ ही त्यांची. दोघांचें काम इतकें एकजीव झालें कीं, कोणता सूर कोणाचा हें सांगणें कठीण. आणि कीर्ति बहुधा एकालाच मिळाली. वादकांनीं तालमींत सहज वाजविलेल्या कित्येक सुरावटीहि एलिंग्टन यांच्या नांवावर चढल्या, आणि वादक त्याबद्दल कुरकुर करीत. ही कुरकुर आम्हांस रास्त वाटते. मात्र दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मोठ्या बँडांचे दिवस सरले आणि पुष्कळांनीं आपले मेळ मोडले, तेव्हां एलिंग्टन यांनीं आपल्या गाण्यांच्या उत्पन्नांतून पगार देऊन माणसें एकत्र ठेविलीं. नवी रचना लगेच आपल्या वादकांकडून ऐकतां यावी, हें त्यांस पैशाहून मोलाचें वाटे.

1951 सालीं तिघे जुने वादक एकदम सोडून गेले, आणि कांहीं वर्षें ओढगस्तीचीं गेलीं. पण 7 जुलै 1956 रोजीं न्यूपोर्टच्या उत्सवांत पॉल गोन्साल्विस यानें टेनर सॅक्सोफोनवर एका दमांत सत्तावीस आवर्तनें वाजविलीं. श्रोते खुर्च्यांवर उभे राहून नाचूं लागले, आणि बँडाचें भाग्य पुन्हा उजळलें. गोन्साल्विस हें आडनांव वाचून आमच्या गोंव्याच्या व वसईच्या वाचकांचे कान टवकारतील. परंतु त्याचें घराणें केप व्हर्ड बेटांचें. पोर्तुगीज आडनांवें दोन्हीकडे पोंचलीं, इतकेंच.

1963 सालीं अमेरिकन सरकारच्या वतीनें एलिंग्टन बँड घेऊन पूर्वेकडील देशांच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हां दिल्ली, मद्रास, कलकत्ता यांप्रमाणें मुंबईसहि त्यांचे कार्यक्रम झाले. त्या प्रवासाच्या आठवणींतून ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचनामाला निर्माण झाली. तिच्यांतील ‘आग्रा’ हा भाग हॅरी कार्नीच्या बॅरिटोनसाठीं आहे. मैनेच्या बोलीवरून सुचलेल्या भागांत क्लॅरिओनेट पुढें येतें.

ता. 24 मे 1974 रोजीं न्यूयॉर्क येथें एलिंग्टन यांचा अंत झाला. सत्तेचाळीस वर्षें त्यांच्याजवळ बसून वाजविलेला हॅरी कार्नी त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत वारला.

एलिंग्टन यांचे कागदपत्र 1988 सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयांत दाखल झाले. पुढें 1995-96 पासून न्यूयॉर्कची ‘जाझ अॅट लिंकन सेंटर’ ही संस्था त्यांच्या रचना शुद्ध करून, टिपणांसह, हायस्कुलांच्या बँडांस विनामूल्य पाठवूं लागली, आणि शाळांचा उत्सवहि भरवूं लागली. त्यापूर्वीं या मांडण्या शिक्षकांच्या हातीं सहसा येत नसत. जुन्या हस्तलिखितांत पुष्कळ ठिकाणीं वाद्याच्या नांवाऐवजीं वादकाचेंच नांव किंवा टोपणनांव घातलेलें आढळतें. शाळांसाठीं छापलेल्या प्रतींत त्या जागीं ‘दुसरा ट्रंपेट’, ‘तिसरा ट्रॉम्बोन’ असें घालावें लागलें आहे. त्यावर कोणत्या मुलाचें नांव पेन्सिलीनें लिहावें, हें काम शिक्षकाकडे राहतें.