फ्रेडरिक ग्रिफिथ

जंतुशास्त्राचा विषय निघाला कीं पाश्चर व कॉख हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांच्या ओठीं येतात. त्याच मार्गानें गेलेल्या एका मितभाषी इंग्रज संशोधकाचें अल्प चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

फ्रेडरिक ग्रिफिथ हे १९०१ सालीं लिव्हरपूल येथें वैद्यकाचे पदवीधर झाले व पुढें लंडनमध्यें सरकारी आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागले. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथींत असंख्य माणसें न्युमोनियानें दगावलीं होतीं. न्युमोनियाचे जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं सारखेच दिसतात. तथापि त्यांच्या जाती अनेक असून एका जातीवरील रक्तरस दुसऱ्या जातीवर निरुपयोगी ठरे. म्हणून कोणत्या जातीनें किती लोक आजारी पडतात, हें जाणणें अगत्याचें होतें.

१९२० ते १९२७ पर्यंत ग्रिफिथ यांनीं स्मेथिक गांवच्या रुग्णांची थुंकी तपासून ही मोजदाद केली. दुसऱ्या जातीचें प्रमाण वर्षागणिक घटत गेलें. शिवाय एकाच रुग्णांत कधीं कधीं अनेक जाती सांपडत. तेव्हां जंतु आपली जात बदलतात कीं काय, अशी शंका त्यांस आली. त्यांनीं दुसऱ्या जातीचे कवचहीन, निरुपद्रवी जिवंत जंतु आणि तिसऱ्या जातीचे उष्णतेनें मारलेले जंतु एकत्र करून उंदरांस टोंचले. उंदीर मेले, व त्यांच्या रक्तांत तिसऱ्या जातीचे जिवंत जंतु आढळले! हा शोध १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. मृत जंतूंतून जिवंतांत गेलेलें तें द्रव्य डी. एन. ए. होय, असें १९४४ सालीं एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. परंतु तें पाहण्यास ग्रिफिथ हयात नव्हते. एप्रिल १९४१ मध्यें लंडनवरील बाँबहल्ल्यांत त्यांचा अंत झाला होता.

त्यांनीं चालविलेली मोजदाद मात्र थांबली नाहीं. १९७७ सालीं चौदा व १९८३ सालीं तेवीस जातींवरील लस निघाली. आज शंभरांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकीं कोणत्या लसींत घालाव्या, हें रुग्णांची तपासणी करूनच ठरतें. लसीमुळें कांहीं जाती मागें हटल्या कीं दुसऱ्या पुढें सरसावतात. यास्तव पहारा सतत ठेवावा लागतो. भारतांत बालकांच्या सरकारी लसीकरणांत ही लस २०१७ पासून आली, आणि दहा जातींवरील एक लस तर आपल्या पुण्यासच तयार होते.

मोजण्याचें काम कंटाळवाणें म्हणून टाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानीं धरावें कीं, अशाच मोजणीच्या पुण्याईनें आज कित्येक घरचीं बालकें सुखरूप आहेत.