निकालाचा हिशेब मागणारा शल्यविशारद

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे रुग्णाला घरी सोडताना सांगितले जाते. मात्र, वर्षभराने तो माणूस कसा आहे, याची नोंद कोठे असते? विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील बोस्टन शहरात एका शल्यविशारदाने हा साधा प्रश्न लावून धरला आणि त्यापायी रुग्णालयातील पद, अध्यापनाची जागा व समव्यावसायिकांचा स्नेह यांवर पाणी सोडले. डॉ. अर्नेस्ट एमरी कॉडमन हे त्यांचे नाव. हाडांच्या एक्स-रेवर दिसणारा ‘कॉडमनचा त्रिकोण’ अस्थिरोगाच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतो. रुग्णाच्या केसपेपरसाठी त्यांनी दिलेली झुंज त्यामानाने फारशी ठाऊक नाही.

३० डिसेंबर १८६९ रोजी बोस्टनमधील एका सुस्थितीतील घराण्यात त्यांचा जन्म झाला. नोंदी ठेवण्याचा नाद जणू उपजतच होता. शिकारीला गेले तरी किती काडतुसे उडवली आणि किती पक्षी हाती लागले, हे ते टिपून ठेवीत. हार्वर्डमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेताना, पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत अग्रणी ठरलेले हार्वे कुशिंग त्यांचे सहाध्यायी होते. त्या काळी इथरने भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांवरच सोपवले जाई आणि त्यात रुग्ण दगावतही. कुशिंग यांच्या हातून असाच एक रुग्ण गेला. त्यानंतर भूल अधिक चांगली कोण देतो, यावर दोघांनी जेवणाची पैज लावली आणि शस्त्रक्रिया चालू असताना नाडी व श्वासोच्छ्वास कागदावर मांडण्यास सुरुवात केली. १८९४च्या सुमारास तयार झालेले हे तक्ते भूलशास्त्रातील पहिल्या लेखी नोंदींत गणले जातात. पैज कोणी जिंकली, यापेक्षा तो कागद महत्त्वाचा ठरला.

१८९५मध्ये पदवी घेऊन ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. क्ष-किरणांचा शोध तेव्हा नुकताच लागला होता. मोडलेले हाड ओळखायचे तर धडधाकट हाड कसे दिसते हे आधी ठाऊक हवे, या विचाराने त्यांनी निरोगी सांध्यांची छायाचित्रे घेतली. एक्स-रेमुळे होणाऱ्या भाजण्याचाही त्यांनी अभ्यास केला. पुढे खांद्याच्या तुटलेल्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया करून तिचा वृत्तान्त प्रसिद्ध करणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक झाले. एवढ्या बळावर त्यांना सुखाने जगता आले असते.

पण ‘अंतिम निकाला’च्या कल्पनेने त्यांना झपाटले होते. त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी एक छोटे कार्ड ठरवले. त्यावर रुग्णाची तक्रार, डॉक्टरचे पहिले निदान, केलेले उपचार, रुग्णालयात उद्भवलेली गुंतागुंत, घरी सोडतानाचे निदान आणि शेवटी वर्षानंतरची अवस्था असे लिहावयाचे. निकाल चांगला नसेल तर तो का नाही, याचे उत्तर देणेही बंधनकारक. यासाठी त्यांनी अक्षरांचे संकेत योजले. तांत्रिक कौशल्य कमी पडले, शस्त्रक्रियेचा निर्णय चुकला, निदानात चूक झाली किंवा देखभाल व साधने अपुरी पडली, तर दोष डॉक्टरांचा वा रुग्णालयाचा. रोगच असाध्य असणे वा रुग्णाने उपचार नाकारणे यांचे संकेत वेगळे. कोणाच्याच हाती नसलेल्या अनर्थांसाठीही एक संकेत होता.

रुग्णालय हे स्वीकारत नाही असे दिसल्यावर १९११मध्ये त्यांनी पिंकनी स्ट्रीटवर स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ या काळात तेथून ३३७ रुग्ण घरी गेले. या रुग्णांच्या बाबतीत १२३ चुका झाल्याचे त्यांनी स्वतः मोजले, स्वखर्चाने छापले आणि इतर रुग्णालयांकडे धाडले. पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेत आपण भलतीच नलिका बांधली, ती चूक वेळीच ओळखलीही नाही आणि रुग्ण दगावला, हेही त्यात होते. असा कागद छापून वाटण्याचे धाडस आजही कितीजण करतील, हा प्रश्नच आहे.

संकेतांची ती कल्पना आज वेगळ्या वाटेने सर्वत्र पसरली आहे. खेळताना गुडघा पिळवटला आणि आतील पुढचा क्रूसबंध दुखावला, तर अमेरिकेतील आजच्या वर्गीकरणात उजव्या गुडघ्यासाठी ‘एस ८३.५११’ हा संकेत पडतो. त्यापुढील अक्षर उपचार चालू आहेत, दुखापत भरून येण्याच्या टप्प्यात आहे की तिचा मागे राहिलेला परिणाम आहे, हे दाखवते. कोणता गुडघा, कोणता बंध हे डॉक्टरांनी लिहिले नसेल, तर कोडिंग करणाऱ्याला ते मनाने भरता येत नाही आणि विम्याचे देयक अडकते. वर्षभरानंतर त्या रुग्णाला जिना उतरता येतो की नाही, हे मात्र या संकेतात कोठेच नसते. कॉडमन यांच्या कार्डावरील शेवटची ओळ नेमकी तीच होती.

मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये बढत्या ज्येष्ठतेनुसार होत. त्याचा निषेध म्हणून १९१४मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लगेच प्रमुख शल्यविशारदाच्या पदासाठी अर्ज केला. आपले निकाल इतरांपेक्षा सरस आहेत, हा त्यांचा दावा होता. अर्ज अर्थातच नामंजूर झाला. ६ जानेवारी १९१५ रोजी वैद्यकीय संस्थेच्या सभेत त्यांनी सुमारे आठ फुटी व्यंगचित्र उघडले. वाळूत डोके खुपसलेले एक शहामृग डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडते आहे आणि विश्वस्त व हार्वर्डचे अध्यक्ष विचारात पडले आहेत, असे ते चित्र. शहामृग म्हणजे बोस्टनची धनिक वस्ती. सभेत गदारोळ उडाला. कॉडमन यांना अध्यक्षपद सोडावे लागले, हार्वर्डमधील अध्यापनही गेले. प्रश्न रास्त होता. तो मांडण्याची तऱ्हा मात्र शत्रू वाढवणारी होती, हे नाकारता येत नाही.

त्यांच्या म्हणण्यातील तथ्य लवकरच दिसले. ज्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या स्थापनेमागे त्यांची प्रेरणा होती, त्या संस्थेने शंभर व त्याहून अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. किमान निकषांना उतरली अवघी ८९. प्रत्येक रुग्णाची पूर्ण व अचूक नोंद ठेवणे हा त्या निकषांपैकी एक होता. नापासांच्या यादीत देशातील नामवंत संस्था होत्या. ती वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून ऑक्टोबर १९१९मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत रातोरात जाळण्यात आली.

दरम्यान, डिसेंबर १९१७मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा भीषण स्फोट झाला, तेव्हा कॉडमन जखमींच्या मदतीसाठी तेथे गेले. १९२०मध्ये त्यांनी हाडांच्या कर्करोगाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. हा रोग बहुधा गुडघ्याच्या आसपास उद्भवतो आणि मुक्या माराची सूज समजून त्याकडे दुर्लक्ष होते. एकेका डॉक्टरच्या वाट्याला असे रुग्ण तुरळकच. म्हणून देशभरातून एक्स-रे, पेशींचे नमुने आणि रुग्णाचे पुढे काय झाले याची माहिती त्यांनी एका ठिकाणी आणली. १९३४मध्ये खांद्यावरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

२३ नोव्हेंबर १९४० रोजी त्वचेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रुग्णालयांची तपासणी करणारा संयुक्त आयोग अमेरिकेत १९५१मध्ये स्थापन झाला. त्याच्याच आंतरराष्ट्रीय शाखेची मान्यता आज भारतातील काही मोठी रुग्णालये अभिमानाने मिरवतात. आयोगाने पुढे कॉडमन यांच्या नावे पुरस्कारही ठेवला. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत त्यांच्या समाधीवर मात्र नावाचा दगडही नव्हता. तो बसला २०१४मध्ये.