आधी प्रार्थना, मग काम

सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं केडगाव. पूर्वी मी तिथे डुलक्या घेत असे. आता मात्र खिडकीतून बाहेर बघते आणि मनातल्या मनात हात जोडते.

मैत्रिणींनो, रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून भेटलेल्या असतात. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या. पण एवढा डोंगर त्यांनी कशाच्या बळावर उचलला, हे मला फार उशिरा कळलं. चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांचे बचत गट मी बघते. मध्यंतरी मी अगदी थकून गेले होते. एकीच्या नवऱ्याची दारू, दुसरीचं कर्ज, तिसरीची शाळा सोडून घरी बसलेली पोर. सगळ्यांची दुखणी डोक्यात घेऊन घरी यायचं आणि स्वयंपाकाला लागायचं. हे सगळं सोडून द्यावं, असं वाटायला लागलं. मी ख्रिस्ती घरातली, रविवारची उपासना कधी चुकवली नाही. पण प्रार्थना म्हणजे पाठ झालेले शब्द, एवढंच उरलं होतं. त्याच दिवसांत रमाबाईंचं चरित्र हाती आलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने ते लेकीला दिलं. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरायचं. पुढे दुष्काळ पडला. आई, वडील, बहीण, तिघंही गेली. भावाबरोबर पायी फिरत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथे पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. लग्न झालं, मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पतीही गेले. वय अवघं तेवीस!

त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे बाप्तिस्मा घेतला. नंतर अमेरिकेत फिरून विधवांसाठी मदत उभी केली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं.

आणि इथेच मी वाचता वाचता थांबले. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी रमाबाईंच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण ख्रिस्त अजून भेटलेला नाही. एवढी मोठी बाई, जगभर नाव झालेलं, आणि स्वतःशी हे कबूल करते! मग त्यांनी बुद्धीचा अभिमान बाजूला ठेवला आणि लेकराने आईजवळ जावं तशा देवाजवळ गेल्या. पुढचं सगळं काम त्या जवळिकीतून झालं.

वाट सोपी नव्हती. सदनात धर्माची सक्ती करायची नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली येऊन बसायच्या. त्यावरून पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीतीही मला समजते. विश्वासाने सोपवलेली पोर परक्या धर्मात जाईल, असं वाटलं तर कोणत्या आईचा जीव घाबरणार नाही? रमाबाईंनी मात्र प्रार्थना सोडली नाही आणि कामही सोडलं नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली, बायका घेऊन आल्या. स्वतःची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. केडगावच्या शेतावर मुक्ती सदन उभं राहिलं. पुढे तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुलं होती. इतक्या तोंडांना रोज जेवण! हाताशी बांधलेली रक्कम नाही. आधी प्रार्थना, मग काम, हा तिथला नेम. पण नुसतं हात जोडून कोणी बसलं नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. अंध मुलींनाही शिकवलं जायचं. १९०५ मध्ये तर शेकडो जणी रोज एकत्र प्रार्थनेला बसत.

साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानाने कमी ऐकू यायचं, तरी वर्षानुवर्षं भाषांतर चालू होतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती द्यायची, ती लेकच गेली. रमाबाईंनी तेही देवाच्या पायाशी ठेवलं, भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले.

माझं काम त्यांच्यापुढे मुठीएवढं. बायकांची दुखणी आजही तीच आहेत. पण आता घराबाहेर पडायच्या आधी मी दहा मिनिटं गप्प बसते आणि एकेकीचं नाव घेऊन देवाशी बोलते. मग चिंचोळीला जाताना ओझं एकटीच्या डोक्यावर नसतं. तुमचा देव कोणत्याही नावाचा असो, बायांनो, दुसऱ्यांसाठी धावण्याआधी त्याच्यापाशी थोडं बसून बघा.