जे. बी. एस. हॉल्डेन : रोगांच्या आकडेवारीतून आनुवंशिकतेचा शोध

ऑक्सफर्ड येथे ५ नोव्हेंबर १८९२ रोजी जन्मलेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी आनुवंशिकतेच्या अभ्यासाला गणिताची जोड दिली. हिमोफिलियाच्या रुग्णांच्या आकडेवारीवरून त्यांनी १९३५ मध्ये मानवी जनुकातील उत्परिवर्तनाच्या वेगाचा अंदाज मांडला. थॅलेसेमियासारखा घातक रक्तविकार भूमध्य सागराच्या परिसरात पिढ्यानपिढ्या का टिकून राहिला, याचे उत्तर त्यांनी १९४९ मध्ये सुचवले. सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेल्या व्यक्तीस मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, असा त्यांचा तर्क होता. सिकलसेलबाबत असे संरक्षण अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील पाहणीतून दाखवून दिले.

हॉल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. भुवनेश्वर येथे १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिव काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठी देण्यात आले.